चित्र काढायला लागल्यापासून काय काय दिसायला लागलं? अनुभव सांगा

नमस्कार मंडळी. हल्ली स्केचबुक पर्समध्येच असतं आणि तेव्हापासून रोजचीच मुंबई वेगळी दिसायला लागलीय. सीएसएमटीला कॉलेजपासून उतरतेय, पण दर्शनी भागावरचा दगडी मोर पेन्सिल घेऊन समोर उभी राहिले तेव्हा कुठे नीट बघितला. १८८८ साली पुरी झालेली इमारत, नक्षीकामाला जेजे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचे हात लागलेले, आणि आपण खालून गाडी पकडायला धावत असतो! तुम्ही कुठल्याही वयात शिकायला लागला असाल, चित्र चांगलं येवो न येवो, बघण्यात काय फरक पडला ते लिहा.

गोरेगावकर:
मस्त विषय. समुद्राचं क्षितिज कायम बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असतं असं क्लासमध्ये सर सांगायचे, पण ते खरं कळलं जुहूला. सपाट वाळूवर उभा होतो, तर माझ्याएवढ्या उंचीची जेवढी माणसं होती, जवळची काय आणि पार लांब ठिपक्याएवढी झालेली काय, सगळ्यांचे डोळे क्षितिजाच्या रेषेवर! मग वाळूत बसलो तर क्षितिज माझ्याबरोबर खाली आलं आणि त्याच माणसांच्या मांड्यांना लागलं. बायकोलाही उठबस करायला लावली, तिलाही दिसलं. आता कुठलंही चित्र बघितलं की आधी काढणारा उभा होता की बसला होता ते शोधतो.

लेडीज डबा:
मी डोंबिवली लोकलमध्ये काढते. आमच्या ताई म्हणतात वस्तू काढू नकोस, मधली मोकळी जागा काढ. हँडलला धरलेले हात बघा, कोपर, दांडा आणि डोकं यांच्यामध्ये जे वेडेवाकडे त्रिकोण पडतात ना, ते जुळवले की हात आपसूक बसतो, बोटं मोजत बसावं लागत नाही. घाटकोपरला गर्दी चढली की ते सगळे त्रिकोण बुजतात. समोर झोपलेल्या एका मावशींचा हात काढत होते, अंगठ्यावर विळीने चिरल्याच्या बारीक बारीक रेघा, काही जुन्या पांढऱ्या, एक ताजी. एवढा वेळ अनोळखी माणसाकडे आपण एरवी बघतच नाही.

शाईचा डाग:
वरचं वाचून लिहावंसं वाटलं. आईचे हात काढायला घेतले होते, ती मटार सोलत होती. बोटाची लांबी, पेर, नख असं करत करत जाताना उजव्या हाताची मधली दोन पेरं डाव्यापेक्षा जाड दिसली, आणि शेंग ती अंगठा आणि करंगळीकडच्या बोटांनी उघडत होती, मधली बोटं वापरतच नव्हती. विचारलं तर म्हणाली, दुखतं गं सकाळी, वय झालं. डॉक्टरांकडे नेलं, संधिवात निघाला, औषधं चालू आहेत. रोज ह्याच हातचं जेवतो आम्ही सगळे. ते चित्र अर्धंच आहे, पण मला ते फार मोलाचं वाटतं.

ठाणे वेस्ट:
शाळेत एलिमेंट्रीला वस्तुचित्रात तांब्या असायचा, तेव्हा कंटाळा यायचा. आता लेकीला शिकवताना कळतंय की तांब्याचं तोंड डोळ्यांच्या पातळीला आलं की नुसती सरळ रेघ होते आणि खाली नेलं की गोल उघडत जातं. चहाच्या कपातपण तेच बघत बसतो. बाकी मी जास्त काढत नाही.

गच्चीवरून:
माझा अनुभव रंगांचा. गच्चीत वाळत घातलेला पांढरा शर्ट काढायला घेतला, म्हटलं सोपंय, कागद कोरा सोडायचा. पण ऊन लागत होतं तिथे तो पिवळसर, आणि घड्यांमध्ये चक्क निळा! शिकवणाऱ्या मॅडमनी कारण सांगितलं, सावलीतल्या भागावर थेट ऊन नसतं, निळ्या आभाळाचा उजेड पडत असतो. तेव्हापासून समोरच्या बिल्डिंगच्या चुना लावलेल्या भिंतीवर, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर, सगळीकडे निळ्या सावल्या दिसतात, आणि इतकी वर्षं दिसत नव्हत्या याचंच नवल वाटतं. सध्या ढग भरलेत त्यामुळे तो निळा गेलाय, सगळं करडं. ऑक्टोबरचं ऊन पडलं की रंगपेटी काढणार. तोवर पावसातल्या करड्या छटा कोणी काढत असेल तर रंग कसे मिसळता ते इथे सांगा ना.