रविवारी नाशिकच्या पळण्याच्या रेसला सोमेश्वरपाशी रेडिओ घेऊन उभे होते ते काका आपल्या सोसायटीचेच का?

बी-३०४ : सकाळी गाडीतून जाताना सोमेश्वरपाशी पिवळं जॅकेट घालून वॉकीटॉकीवर बोलताना दिसले, ए विंगचे काकाच ना? हात केला तर बघितलंच नाही 😄

ए-५०१ : हो मीच. कानात इयरफोन होता, रेसच्या कंट्रोलचा कॉल चालू होता. आणि वॉकीटॉकी नाही ओ, हॅमचा म्हणजे हौशी रेडिओचा सेट, लायसन्सवाला

सी-१०२ : काका पण आता मोबाईल सगळ्यांकडे आहेत की, हे कशाला मग

ए-५०१ : अरे मोबाईलवर एकाला लावा तो एंगेज मग दुसऱ्याला लावा, तोवर रूटवरच्या पाण्याच्या टेबलावरचं ओआरएस संपतं. रेडिओवर आनंदवल्लीपासून धरणापर्यंत सगळे पॉइंट एकदम ऐकतात, मी कंट्रोलला सांगतच होतो की ओआरएस संपत आलंय तर गंगापूर गावाचा पॉइंटवाला म्हणाला माझ्याकडे पडून आहे, पाठवतो, विषय संपला. आणि काही घडलं की नेटवर्क बसतंच, २०१३ ला बोस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले तेव्हा मोबाईल जॅम झाले होते पण हॅमवाले आधीपासून रूटवर होते, त्यांचं बोलणं चालू राहिलं

ए-२०३ : मी पळाले ना १० किमी, जवळजवळ शेवटीच होते 🙈 मागून एक सायकलवाला सारखा रेडिओवर माझा नंबर सांगत होता, कसंतरीच वाटलं

ए-५०१ : ताई तो आमचाच. पहिला कोण ते बघायला फिनिशला कॅमेरे असतात, आम्हाला शेवटचा कुठेय ते लागतं, तो पुढे सरकल्याशिवाय ना पाण्याचं टेबल उचलता येत ना रस्ता सोडता येत. नाव मुद्दाम नाही घेत, हे कोणीही ऐकू शकतं आणि कोडवर्ड चालत नाहीत, म्हणून कोणाला चक्कर आली तरी बिब नंबर (छातीवरचा), जागा, अँब्युलन्स हवी, बास

बी-३०४ : ऑनलाईन सेट घेऊन आम्ही पण येऊ का पुढच्या वेळी

ए-५०१ : लायसन्सशिवाय बटण दाबायचं नाही, गुन्हा आहे. डब्ल्यूपीसीची, म्हणजे केंद्र सरकारच्या वायरलेस खात्याची परीक्षा असते, वय १२ पूर्ण पाहिजे, रिस्ट्रिक्टेड म्हणजे खालच्या ग्रेडच्या लायसन्सला मोर्स (टिंब-रेघांचा कोड) नाही. मानधन वगैरे नाही हां, हौशी म्हणजे हौशीच, नाश्त्याला मिसळ मिळाली तर नशीब

ए-२०३ : माझी लेक १३ ची आहे, पुस्तक आहे का?

ए-५०१ : आहे, संध्याकाळी पाठवा तिला. बरं सेक्रेटरी साहेब, हातातला सेट ५ वॉटचा, मध्ये बिल्डिंगा आल्या की नुसती खरखर, म्हणून एकाला उंचावर बसवतात इकडचं तिकडे सांगायला. आपल्या गच्चीवरून धरणाची बाजू मोकळी आहे, पुढच्या रेसला पहाटे ४ ला किल्ली मिळेल का, अँटेना लावू आणि दुपारी काढू

सेक्रेटरी : अँटेना म्हणजे टॉवर का? रेडिएशनवरून मीटिंगमध्ये परत तमाशा नको

ए-५०१ : टॉवर कसला, दीड मीटरची काठी आहे

सेक्रेटरी : वॉटरप्रूफिंग आत्ताच झालंय, ड्रिल अजिबात नको. कठड्याला दोरीने बांधा, किल्ली वॉचमनकडे ठेवतो, सही करून घ्या