मदत हवी आहे: ऑपरेशननंतर प्रमाणपत्रावर 'पुरुष' करायचंय, सिव्हिल सर्जनचं पत्र लागतं का?

संत्रा_मोसंबी (८ जुलै २०२४)
ऑपरेशन झालं, कागद आहेत. कचेरीबाहेरचे टायपिंगवाले काका म्हणतात सिव्हिल सर्जनचं पत्र आणा, ओळखीचे वकील म्हणतात कोर्टाचा आदेश आणा. २० तारखेच्या आत काम व्हायला हवं. ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा.

महालवाला
कोणतं ऑपरेशन? कुठे केलं? पहिलं प्रमाणपत्र आहे का? काहून अर्धंच सांगून राहिला भाऊ?

सुगरण_नागपूर
आधी राजपत्रात नाव छापून घ्या. लग्नानंतर मी तेच केलं, बँकेपासून गॅसपर्यंत सगळीकडे चाललं.

महालवाला
ताई, ते नावाचं. इथे लिंगाचा रकाना आहे.

संत्रा_मोसंबी
पोर्टलवरून 'ट्रान्सजेंडर' प्रमाणपत्र २०२२ मध्येच मिळालंय. ऑपरेशन फक्त छातीचं, हैदराबादला, खासगी दवाखान्यात.

काळाकोट
कोर्ट कशाला? २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्क संरक्षण) कायद्याचं कलम ७ वाचा. जिथे शस्त्रक्रिया झाली त्याच संस्थेच्या वैद्यकीय अधीक्षकांचं किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचं पत्र जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. सिव्हिल सर्जन त्यात कुठेच नाहीत. तुमच्या पत्रावर सही कोणाची?

धंतोली_७२
पण छातीच्या ऑपरेशनवर देतील का? मला वाटतं पूर्ण लागतं.

काळाकोट
वाटून काय उपयोग? कायद्यात 'शस्त्रक्रिया' एवढंच आहे, कोणती ते नाही. २०२० च्या नियमांत तर वैद्यकीय उपचारात हार्मोन आणि समुपदेशनही धरलंय.

फुटाळा_संध्याकाळ
लग्नाचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाच्या २०२३ च्या सुप्रियो निकालात (समलिंगी विवाहाचा खटला) ट्रान्स पुरुष आणि स्त्री यांचं लग्न सध्याच्या कायद्याने होतं असं म्हटलंय. अभिनंदन!

संत्रा_मोसंबी
लग्नाचं विचारलंच नाही हो. बाबांच्या शेताचं वाटणीपत्र आहे २० ला. भाऊ म्हणतो, सात-बारावर बहिणीचं नाव आहे, सही करायला कोण येणार?

महालवाला
आता सांगून राहिला! हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं बाप्पा.

काळाकोट
मग गणितच वेगळं. हिंदू वारसा कायद्यात २००५ पासून मुलगा-मुलगी सारखेच, 'पुरुष' झाल्याने हिस्सा वाढत नाही की घटत नाही. सुधारित प्रमाणपत्राला नियमांत १५ दिवस आहेत, पण अर्जच गेलेला नाही, २० चा भरवसा धरू नका. वाटणीपत्राच्या मसुद्यात जुनं-नवं दोन्ही नावं घालून २०२२ चं प्रमाणपत्र जोडा.

सुगरण_नागपूर
भावाला आधी जेवायला बोलवा. निम्मी भांडणं ताटावर मिटतात.

संत्रा_मोसंबी
ताई, तो माझ्या हातचा चहा घेत नाही. काळाकोट, पत्र आत्ता काढून पाहिलं. सही फक्त ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांची, आणि नावाआधी 'कु.' टाईप केलंय. दवाखान्याला फोन लावतोय. मसुदा कोणाकडून लिहून घेऊ, त्या टायपिंगवाल्या काकांकडून नको.