माळवदाच्या जुन्या सागवानाचे फर्निचर घरच्या सीएनसी राउटरवर: सांधे किती घट्ट ठेवावेत?

परभणीकर

नमस्कार. आमचे गावाकडचे माळवदाचे घर गेल्या वर्षी उतरवले. त्यातून निघालेल्या सागवानी तुळया आणि कडीपाटाच्या फळ्या वखारीला विकायच्या नाहीत, त्यांचे घरातच काहीतरी झाले पाहिजे, असे वडिलांनी ठामपणे सांगितले आहे. माझ्याकडे ६०० बाय ९०० मिमी बेडचा सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणारे यंत्र, आहे. त्याला १.५ किलोवॅटचा स्पिंडल (कापणारे बिट फिरवणारी मोटर) असून कंट्रोलर ग्रबल या सॉफ्टवेअरवर चालतो. आतापर्यंत त्यावर पाट्या आणि लहान पेट्या केल्या. आता १५०० बाय ७५० मिमीचे जेवणाचे टेबल आणि पुस्तकांचे कपाट करावयाचे आहे, आणि ते पुढच्या पिढीलाही वापरता यावे अशी इच्छा आहे.

प्रश्न सांध्यांचा आहे. यंत्र मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापर्यंत अचूक कापते, तेव्हा खाच आणि कुसू (खाचेत बसणारी जीभ) अगदी मापात मापात ठेवावेत, की थोडी फट सोडावी? आमच्या एका नातेवाइकांनी यंत्रावर कापून घेतलेल्या नव्या टेबलाची फळी पहिल्याच उन्हाळ्यात मधोमध उकलली. सांधे मात्र अजूनही घट्ट आहेत. असे का झाले असावे, हेही जाणकारांनी सांगावे.

लातूरचा सुतार

आपल्या नातेवाइकांचे टेबल उकलले ते बहुधा सांधे घट्ट होते म्हणूनच. यंत्राने काम अचूक केले, पण त्या फळीला हलण्यासाठी जागा कोणी ठेवली नव्हती.

लाकूड हवेतील ओल घेते आणि सोडते. आपल्या भागात एप्रिल-मेच्या दुपारी हवेतील आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते आणि श्रावणात तीच ८० च्या वर जाते. घरातील लाकडाच्या ओलाव्यात त्यामुळे वर्षभरात सहा टक्क्यांचा फरक पडतो असे धरून चालावे. या फरकाने लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, परंतु रुंदीत बदलते, आणि किती बदलते ते फळी ओंडक्यातून कशी चिरली आहे यावर ठरते. सागवान ओले असल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत वाढचक्रांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे सुमारे २.५ टक्के आकसते. हे आकसणे ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली आल्यावर सुरू होते. हा हिशेब आपल्या ७५० मिमी रुंदीच्या टेबलाला लावला, तर साध्या आडव्या चिरीच्या फळ्यांत वर्षभरात सुमारे ९ मिमीची हालचाल होईल आणि उभ्या चिरीच्या फळ्यांत तीच ४ मिमीच्या आत राहील. म्हणून फळीचे टोक पाहावे. तिथे वाढीच्या रेषा फळीच्या पृष्ठभागाला काटकोनात उभ्या दिसल्या, तर ती फळी टेबलाच्या वरच्या भागासाठी राखून ठेवावी आणि कमानीसारख्या दिसल्या, तर अरुंद भागांसाठी वापरावी.

आता आपल्या प्रश्नाचे उत्तर देतो. पाय आणि आडव्या पट्ट्यांचे सांधे घट्टच असावेत, कारण कुसू अरुंद असते आणि तिची हालचाल नगण्य असते. डिंकासाठी ०.१ मिमीची फट पुरते. मात्र वरची फळी चौकटीला डिंकाने कधीही चिकटवू नये. मधल्या रेषेवरचे स्क्रू पक्के बसवावेत आणि कडेच्या स्क्रूंसाठी चौकटीत लांबट छिद्रे पाडावीत. पाच मिमीच्या स्क्रूला १५ मिमी लांबीचे छिद्र ठेवले, तर तो दोन्ही बाजूंना ५ मिमी सरकू शकतो आणि आपल्या टेबलाला एवढी मोकळीक पुरेशी आहे. हाताने अशी छिद्रे पाडायला वेळ लागतो म्हणून पुष्कळ जण टाळतात. आपल्या यंत्राला ते काही मिनिटांचे काम आहे, तेव्हा यंत्राचा खरा उपयोग इथे करून घ्यावा.

जुन्या लाकडाबद्दल एक कळकळीची सूचना. माळवदाच्या लाकडात खिळे, बिजागऱ्यांचे तुकडे आणि शंभर वर्षांची माती असते. तुटलेला खिळा वरून दिसत नाही, पण लोखंड गंजल्यामुळे त्याच्याभोवतीचे सागवान काळे पडते. असा काळा डाग जिथे दिसेल तिथे आधी चुंबक किंवा धातुशोधक फिरवावा, नाहीतर बिट तुटून उडते. लाकूड रंधून घेण्यापूर्वी तारेच्या ब्रशने माती पूर्ण काढावी, कारण मातीतील वाळूचे कण रंध्याचे पाते आणि बिट दोन्हीची धार मारतात. तुळईचा गाभा वाळवीला चांगला तोंड देतो. कडेचा फिकट पांढरा भाग तसा नसतो, म्हणून तो कापून टाकावा. सागवान तेलकट असल्याने डिंक नेहमी ताज्या कापलेल्या पृष्ठभागावर लावावा, म्हणजे कापणी आणि जोडणी एकाच दिवशी होईल असे काम आखावे.

वाळूज एमआयडीसी

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. यंत्राच्या बाजूने थोडी भर घालतो.

फिरणारे बिट आतला कोपरा काटकोनात कापू शकत नाही. ६ मिमीच्या बिटाने कापलेल्या खाचेच्या प्रत्येक कोपऱ्यात ३ मिमी त्रिज्येची गोलाई उरते. तिच्यावर तीन उपाय आहेत. आराखड्यातच कोपऱ्यापलीकडे थोडे जादा कापून घेता येते, पण ती गोल खूण कायम दिसते आणि जेवणाच्या टेबलावर ती मला तरी पाहवत नाही. दुसरा उपाय म्हणजे कोपरा पटाशीने साफ करणे, आणि दिसणाऱ्या भागांसाठी हाच करावा. टेबलाच्या पायांसाठी मात्र मी तिसरा सुचवेन. दोन्ही भागांत गोल टोकांच्या खाचा पाडाव्यात आणि कुसू वेगळी करून, तिच्या कडा गोल घासून, दोन्हींत बसवावी. आडव्या पट्टीच्या टोकात खाच पाडायची असल्याने पट्टी उभी धरावी लागते. त्यासाठी बेडच्या पुढच्या कडेला शिकंजा बसवून ती खाली लोंबती ठेवता येते.

वेगाबाबत बहुतेकांचा गैरसमज असतो की यंत्र सावकाश चालवले म्हणजे काम चांगले होते. बिट फार हळू सरकले तर ते लाकूड कापण्याऐवजी घासते, तापते आणि लाकूड करपवते. दोन धारांचे बिट मिनिटाला १८००० फेऱ्यांवर असताना सरकण्याचा वेग मिनिटाला १८०० मिमी ठेवला, तर प्रत्येक धार ०.०५ मिमी लाकूड उचलते. सागवानासाठी सुरुवात इथून करावी आणि एका वेळी खोली ३ मिमीपेक्षा जास्त घेऊ नये. धूळ उडण्याऐवजी लहान छिलके पडू लागले, की वेग जमला असे समजावे.

काम सुरू करण्यापूर्वी एका टाकाऊ फळीवर मोठा आयत कोरून त्याचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे नसतील तर यंत्र काटकोनात नाही आणि कपाट वाकडेच होणार. धुळीकडे कृपया दुर्लक्ष करू नका. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात ठेवले आहे. धूळ खेचणारे यंत्र लावावे आणि चांगला मास्क घालावा, विशेषतः खोलीत लहान मुले येत-जात असतील तर.

परभणीकर

दोघांचेही मनापासून आभार. वडिलांना लांबट छिद्रांचा हिशेब वाचून दाखवला. ते म्हणाले की, जुन्या दारांच्या चौकटीत पॅनेल डिंकाने का चिकटवत नसत, ते आज कळले. आणखी दोन शंका आहेत. कपाटालाही सागवानच वापरावे का? आणि आमच्याकडे वीज वारंवार जाते. अर्धवट कापलेल्या खाचेत यंत्र थांबले, तर तो तुकडा वाया गेला असे समजायचे का?

नांदेडचा वाचक

कपाटासाठी मी प्लायवूडच घेईन, आणि फळ्यांच्या पुढच्या कडेला तुमच्या सागवानाची पट्टी लावेन. प्लायच्या थरांची दिशा एकाआड एक काटकोनात असल्याने ते ऋतूंप्रमाणे फारसे हलत नाही. ओल येणाऱ्या भिंतीजवळ ठेवायचे असेल, तर आयएस ७१० खुणेचे, म्हणजे पाण्याला टिकणारे मरीन प्लाय घ्यावे. खाचा आखण्यापूर्वी मात्र जाडी व्हर्नियरने मोजावी, कारण १८ मिमी म्हणून मिळणारा ताव पुष्कळदा त्यापेक्षा थोडा पातळ असतो आणि तेवढ्या फरकाने सांधा खुळखुळतो. फळी दोन आधारांमध्ये फार लांब ठेवू नका. दर फुटावर तेवढीच पुस्तके राहिली आणि अंतर दुप्पट झाले, तर वाक सोळापट होतो. जाडी १८ वरून २५ मिमी केली तर तोच वाक साधारण तिसऱ्या हिश्शावर येतो.

टेबलाच्या फळीला पॉलिश वरून जितके द्याल तितकेच खालूनही द्या. एक बाजू उघडी राहिली की तिथून ओल लवकर आत-बाहेर होते आणि फळी पन्हाळीसारखी वाकते.

वाळूज एमआयडीसी

विजेबाबत सांगतो. यंत्रावर लिमिट स्विच (गाडा टोकाला पोचल्याचे कळवणारे स्विच) असतील तर तुकडा वाया जात नाही. ग्रबलमध्ये जी५४ ने ठरवलेले कामाचे शून्य वीज गेल्यावरही जतन राहते, मात्र गाडा नेमका कुठे उभा आहे ते यंत्र विसरते. म्हणून वीज परत आल्यावर आधी बिट हाताने सरळ वर उचलून लाकडाबाहेर काढावे, मग होमिंग करावे, म्हणजे गाडा त्या स्विचपर्यंत नेऊन यंत्राला जागा पुन्हा ओळखू द्यावी, आणि त्यानंतर प्रोग्राम थांबलेल्या ओळीच्या थोडा मागून पुन्हा सुरू करावा. स्पिंडल पूर्ण वेगाने फिरू लागल्याशिवाय बिट खाचेत उतरवू नये. लिमिट स्विच नसतील, तर माळवदाच्या लाकडाला हात लावण्यापूर्वी ते बसवून घ्या, कारण तसे सागवान पुन्हा मिळणार नाही.