दुपारी चारनंतरची भूक सहन होत नाही, त्यात कामच शेंगा भाजायचं आहे. मदत हवी आहे

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, जरा लांबलंय त्याबद्दल माफ करा.

मी सोलापूरची, वय ४३, उंची ५ फूट १ इंच. ऑगस्टच्या शेवटी वजन ७८ होतं, आता ७२.५ आहे. गुडघे दुखायचे म्हणून डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी रक्त तपासलं, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.१ आलं, म्हणले शुगरच्या उंबरठ्यावर आहात, वजन उतरवा. आमच्या आईला शुगर होती, तिच्या पायाची जखम शेवटची दोन वर्षं मी माझ्या हातानं धुतलीय, त्यामुळं मला कुणी जास्त समजावून सांगायची गरज पडली नाही, त्या दिवसापासनं चहातली साखर बंद केली ती आजपर्यंत बंद आहे.

आता अडचण सांगते. अशोक चौकाजवळ आमचा बारा बायकांचा बचत गट आहे, कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकतो. सकाळी भाकऱ्या थापायच्या, भाजायच्या, मग मंद आचेवर कडक करायला ठेवायच्या, आणि दुपारी तीननंतर शेंगदाणे भाजायचे आणि चटणी कुटायची. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहितीय, शेंगा भाजताना आणि नंतर लसूण घालून कुटताना तेल सुटतं त्याचा जो वास येतो तो अंगावरच्या साडीला रात्रीपर्यंत राहतो. दोन महिने मी हे सहन केलं, खरंच केलं, पण गेले तीन आठवडे काय झालंय कळत नाही, चार वाजले की पोटात नुसता खड्डा पडतो, हात थरथरल्यासारखे होतात, चिडचिड होते, बरोबरच्या बायकांवर उगाच आवाज चढतो. मग मी मूठभर दाणे तोंडात टाकते, मग दुसरी मूठ, मग मोडलेल्या भाकरीचे तुकडे. भाकरी भाजताना ज्या मोडतात त्या विकता येत नाहीत, त्या डब्यात ठेवतो आणि ज्याला पाहिजे त्यानं खायच्या, आधी मला त्या डब्याची आठवणसुद्धा व्हायची नाही, आता डबा कुठल्या फळीवर आहे ते डोळे मिटून सांगते. आणि खाल्लं की वाईट वाटतं, म्हणून रात्री जेवण आणखी कमी करते, आणि मग अकरा वाजता झोप येत नाही भुकेनं.

मी काय खाते ते लिहिते. सकाळी ५ ला बिनसाखरेचा चहा. साडेआठला पाण्यात शिजवलेले ओट्स एक वाटी. दुपारी १ ला एक ज्वारीची भाकरी, पालेभाजी, काकडी, पातळ वरण एक वाटी. साडेचारला चहा आणि दोन मारी. रात्री साडेसातला सूप आणि कोशिंबीर. हा तक्ता एका आहारतज्ज्ञ बाईंनी दिलाय, साधारण ११०० कॅलरीचा आहे म्हणल्या. भूक लागली तर पाणी प्या म्हणल्या. पाणी पिते, पण पाण्यानं दहा मिनिटं निघतात फक्त. आमच्या घरात अंडं-मटण चालत नाही.

नणंद म्हणते दिवसातनं दोनदाच जेव, मधी काही नाही, तिचं त्यात ९ किलो उतरलं. शेजारच्या काकू म्हणतात दर दोन तासांनी थोडं खा. माझं डोकं चक्रावलंय. आणि पुढं तर सगळा खायचाच हंगाम आहे, मार्गशीर्षातले गुरुवार, मग हुरडा, मग संक्रांत आणि सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, आणि आमच्या ऑर्डरीपण तेव्हाच सगळ्यात जास्त.

मला खरंच एवढंच विचारायचंय की ही भूक खरी आहे का नुसत्या वासानं होते, आणि ती कशी निभवायची. काम तर सोडू शकत नाही, मुलाची फी त्याच्यातनं जाते.

प्रतिसाद १

ताई, आधी एक विचारतो, शुगरची गोळी चालू आहे का, आणि कुठली? हात थरथरणं, घाम, चिडचिड ही लक्षणं शुगर खाली गेल्याचीपण असतात. एकट्या मेटफॉर्मिननं सहसा शुगर एवढी पडत नाही, पण ग्लिमेपिराईडसारखी गोळी असेल किंवा इन्सुलिन असेल तर जेवण लांबवणं धोक्याचं आहे. तसं होईल तेव्हा ग्लुकोमीटरवर बोटातून तपासा, ७० च्या खाली असेल तर तो दिवस भूक मारायचा नाही, लगेच साखर किंवा गूळ खायचा आणि डॉक्टरांना कळवायचं. दोनदाच जेवायचं ठरवणार असाल तर तेही त्यांना विचारूनच.

धागा काढणारी

धन्यवाद दादा. मेटफॉर्मिन ५००, रात्री एकच. दुसरी कुठलीच नाही. ग्लुकोमीटर दिराकडं आहे, उद्या आणते.

प्रतिसाद २

ताई मी बार्शीची, माझं दीड वर्षात १४ किलो कमी झालं आणि मधले चार महिने मी अगदी तुम्ही लिहिलंय तशीच होते म्हणून सगळं काम बाजूला ठेवून लिहितेय.

भूक खरी आहे. वासानं वाढते हे बरोबर, पण मुळात खरी आहे. वजन उतरलं की शरीर गप्प बसत नाही, चरबीतून येणारं लेप्टिन कमी होतं, पोटातून येणारं घ्रेलिन वाढतं, एक पोट भरल्याचं सांगतं आणि दुसरं भूक लागल्याचं, म्हणजे दोन्हीकडून खेचलं जातं. पहिले दोन महिने सोपे गेले आणि आता अवघड चाललंय त्याचं कारण हे आहे, तुमचा निश्चय कमी पडला असं अजिबात नाही.

आता तुमचा तक्ता बघा. मी मोजला. प्रोटीन दिवसभरात पंचवीस-तीस ग्रॅमच्या पुढं जात नाही. आपल्या आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) हिशोब दिवसाला किलोमागं ०.८३ ग्रॅम आहे, तुमच्या वजनाला साठ ग्रॅम होतात. म्हणजे जेमतेम निम्मं. आणि आठ तास उभ्यानं तव्यापुढं काम करणाऱ्या बाईला ११०० कॅलरी म्हणजे फारच कमी, मला तर वाचूनच भूक लागली. मी तेव्हा १४०० ते १५०० वर आले आणि तरी वजन उतरत राहिलं, सावकाश, पण उतरलं. चार वाजता तुम्ही जे दाणे आणि तुकडे खाता ते धरले तर तुम्हीपण आत्ता तेवढंच खात असाल, फक्त ते चुकीच्या वेळी आणि रडत खाताय.

दुपारचं जेवण मोठं करा. पातळ वरण बंद, घट्ट डाळ किंवा उसळ दोन वाट्या, मटकी, हुलगे (कुळीथ), हरभरा काहीही, वर वाटीभर दही. भाकरी एकच राहू दे. सकाळच्या ओट्सच्या जागी मुगाचं धिरडं दोन, नाहीतर बेसनाचं. आणि साडेचारची वाट बघू नका, भूक चारला येते ना, तर साडेतीनला, शेंगा भट्टीवर चढायच्या आधी, बसून काहीतरी पोटात घाला. भुकेल्या पोटी त्या वासापुढं उभं राहायचंच नाही. ही एक गोष्ट केली तरी पुष्कळ फरक पडतो.

प्रतिसाद ३

वरच्या ताईंचं सगळं पटलं. मी मंगळवेढ्याकडची, आमच्यात साडेतीनला काय घ्यायचं याचं उत्तर जुनंच आहे, हुलग्याचं माडगं, म्हणजे हुलग्याच्या पिठाची पेज. गूळ नको, जिरं, लसूण, मीठ घालून पातळ करायचं आणि गरम गरम प्यायचं, हुलग्यात प्रोटीन शंभराला वीस-बावीस ग्रॅम असतं आणि गरम असल्यामुळं हळूहळू प्यावं लागतं, पोट तासन्‌तास गप्प राहतं. दोन मारीनं काय होतंय ओ, तो मैदा आणि साखरच की.

आणि त्या मोडक्या भाकरीबद्दल. कडक भाकरीत पाणीच उरलेलं नसतं, म्हणून कुडुमकुडुम चार तुकडे कधी जातात कळत नाही आणि पोटात काही जाणवतही नाही. तीच भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली की आमटी पिऊन फुगते आणि एका भाकरीत पोट भरतं. आपल्याकडं कडक भाकरी आमटीत चुरूनच खातात, त्याच्यामागं काहीतरी विचार होता. तुम्हाला खायचीच असेल तर दुपारच्या जेवणात ताज्या भाकरीच्या जागी ती घ्या, उसळीच्या रश्श्यात चुरून. सुकी, उभ्या उभ्या डब्यातनं नको.

दाण्यांचं मात्र जपून. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम धरले तरी १७० कॅलरी, तीन मुठी म्हणजे ५०० च्या वर. दाणे वाईट नाहीत, पण आधी वाटीत काढा, मोजून वीस ग्रॅम, आणि कढई सोडून बाहेर ओट्यावर बसून खा. चटणीचं मीठ-तिखट बघायचं काम दुसऱ्या बाईला द्या, महिनाभर तरी.

प्रतिसाद ४

झोपेचं कुणीच लिहिलं नाही. पहाटे ५ ला उठता आणि रात्री ११ ला भुकेनं जाग्या असता, म्हणजे पाच तास तरी होतात का? कमी झोपेनं दुसऱ्या दिवशी भूक वाढते, गोड-तळलेलं जास्त खावंसं वाटतं, हे तर माझ्या नाईट शिफ्टच्या आठवड्यात मी दरवेळी बघतो. रात्री सूप आणि कोशिंबीर एवढंच असेल तर झोप येणारच नाही. मुगाची खिचडी घट्ट, किंवा पिठलं आणि अर्धी भाकरी खा की.

अजून एक, तुम्ही पूर्ण शाकाहारी आणि वरून मेटफॉर्मिन, व्हिटॅमिन बी१२ तपासून घ्या पुढच्या वेळी. मेटफॉर्मिननं ते कमी होऊ शकतं, थकवा आणि चिडचिड त्याचीपण असू शकते.

धागा काढणारी

सगळे वाचले, दोनदा वाचले. प्रतिसाद २ मधलं "रडत खाताय" वाचून खरंच डोळ्यात पाणी आलं, कारण तसंच आहे आणि मी हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटायचं माझ्यातच काहीतरी खोट आहे.

गुरुवारचं काय करू ते सांगा कुणीतरी. लग्नापासनं मार्गशीर्षातले गुरुवार सोडले नाहीत, ते मला सोडायचे नाहीत. पण दिवसभर साबुदाण्यावर राहिलं की शुक्रवारी मी अक्षरशः सुटते.

प्रतिसाद २ (पुन्हा)

उपवास सोडू नका, साबुदाणा सोडा. साबुदाण्यात नुसता स्टार्च असतो, पटकन चढतो आणि पटकन उतरतो, त्यात प्रोटीन जवळजवळ नाहीच. भगर आणि दाण्याची आमटी, दही, घरचं पनीर, राजगिऱ्याचं थालीपीठ, हे सगळं उपवासाला चालतं. आणि संध्याकाळी पूजा झाल्यावर उपवास सोडताना ताटात पहिली घट्ट डाळ वाढून घ्या, मग पुरणपोळी, एकच, तुपासकट. ती चोरून खायची नाही, पाटावर बसून खायची.

धागा काढणारी (सोळा दिवसांनी)

कळवायचं म्हणलं होतं म्हणून लिहितेय. ग्लुकोमीटरनं चार दिवस थरथर होताना तपासलं, ८४, ९१, ८८, ८६ आलं, म्हणजे शुगर पडत नव्हती, भूकच होती. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणले ११०० वर राहू नका. बी१२ ची तपासणी केली, कमीच निघालं, इंजेक्शनं चालू केलीत.

साडेतीनचं माडगं आता गटातल्या पाच जणी पितात, एक जण घरनं हुलग्याचं पीठ आणते आणि भाकरीच्या चुलीवरच करतो. पहिले तीन दिवस काही फरक वाटला नाही, मला वाटलं हेपण फसलं. मग एका दिवशी चटणी कुटून झाली, डबे भरले, आणि घरी जाताना कंबर तलावापाशी लक्षात आलं की आज मी दाण्यांना हातच लावला नाही. मुद्दाम टाळलं असं नाही, आठवणच झाली नाही. तिथंच दोन मिनिटं थांबले.

मोडक्या भाकरीचा डबा आता आम्ही झाकण लावून वरच्या फळीवर ठेवतो आणि शनिवारी वाटून घरी नेतो, घरी मुलं आमटीत चुरून खातात.

वजन ७२.१ आहे, म्हणजे सोळा दिवसांत ४०० ग्रॅम. आधीच्या मानानं कमी आहे आणि सुरुवातीला मन खट्टू झालं, पण ओरडले नाही कुणावर या दिवसांत, ते मला जास्त मोलाचं वाटतं. दोन गुरुवार झाले. पहिल्याला भगर-आमटी करून निभावलं, दुसऱ्याला सासूबाईंनी खिचडी केली होती, नाही म्हणवलं नाही, खाल्ली, आणि शुक्रवारी पुन्हा तसंच झालं. आता त्यांना नीट सांगायचंय.

रात्रीचं अजून जमत नाहीये. खिचडी खाऊनही अकराच्या सुमाराला एकदा जाग येते आणि स्वयंपाकघराकडं पाय वळतात. कोमट दूध घेतलं तर चालेल का झोपताना, का तेही पोटाला सवय लागल्यासारखं होईल? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. आणि हुरड्याबद्दल पण, भावाच्या शेतावर पौषात सगळे जमतात, तिथं गेल्यावर साधारण किती खाल्ला तर चालेल ते कुणाला माहिती असेल तर लिहा, मला जायचंय.