शिराझच्या टाकीला सडक्या अंड्याचा वास – मदत हवी आहे, आजच!

निफाडची_वेल: घरचीच छोटी वायनरी. 2000 लिटरच्या टाकीत शिराझ द्राक्षांचं फर्मेंटेशन (आंबवणं) चालू, पाचवा दिवस. काल रात्रीपासून सडक्या अंड्याचा वास येतोय. भरदार रेड करायची आहे, त्यामुळे साली इतक्यात काढणार नाही. डीएपी (यीस्टसाठी नायट्रोजनचं खत) किती टाकू? फक्त आकडा सांगा.

दिंडोरीचा_दादा: आकडा कशावरून सांगू? ब्रिक्स (साखरेचं प्रमाण) सुरुवातीला किती, आता किती? तापमान? यीस्ट? बागेत गंधकाची शेवटची डस्टिंग कधी झाली?

निफाडची_वेल: 24 होता, आज 14. तापमान 31. यीस्ट नेहमीचंच. गंधकाचा इथे काय संबंध?

दिंडोरीचा_दादा: भुरी रोगासाठी मारलेलं गंधक मण्यांवर राहिलं की यीस्ट त्याचंच हायड्रोजन सल्फाइड करतं, सडक्या अंड्याचा वास त्याचाच. तोडणीआधी महिनाभर तरी गंधक बंद हवं. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे रसात नायट्रोजन कमी. आणि "नेहमीचंच" नावाचं यीस्ट बाजारात मिळत नाही.

मोरचूद_जिंदाबाद: कशाला एवढा काथ्याकूट? चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) टाका, पाच मिनिटांत वास गायब.

प्रयोगशाळा_ताई: फवारणीचं मोरचूद टाकीत? अजिबात नको. फर्मेंटेशन चालू असताना बरंचसं तांबं यीस्टच्या पेशी ओढून घेतात. जास्त झालं तर फर्मेंटेशन अडकतं आणि वास उद्या परत हजर. गरज पडलीच तर सगळं संपल्यावर, तेही फूड ग्रेड. 1 ग्रॅम 1 लिटर पाण्यात विरघळवा. त्यातलं 1 मिलि 1 लिटर वाइनमध्ये गेलं की तांबं होतं 0.25 मिलिग्रॅम. आधी बाटलीत चाचणी, मग टाकी.

ओकप्रेमी: भरदारपणा हवा तर फ्रेंच ओकच्या चिप्स, लिटरला 2 ग्रॅम.

दिंडोरीचा_दादा: वास कशाचा, उपाय कशाचा!

रस्सा_आणि_रेड: मटणाच्या रश्श्याबरोबर शिराझ किती गार द्यावी?

ओकप्रेमी: 16 ते 18 अंश. आपल्याकडच्या "रूम टेंपरेचर"ला नुसती दारू लागते.

प्रयोगशाळा_ताई: वेल, ते 14 कशाने मोजलंत?

निफाडची_वेल: रिफ्रॅक्टोमीटरने (रसाच्या थेंबावरून साखर दाखवतो). बागेत वापरतो तोच.

प्रयोगशाळा_ताई: तिथेच चुकलं. अल्कोहोल तयार झालं की तो जास्त दाखवतो. 24 वरून 14 दिसतंय म्हणजे रसात तरंगवून मोजायच्या हायड्रोमीटरवर 7 च्या आसपास असणार. दोन तृतीयांश साखर संपली. आता यीस्ट डीएपी नीट घेत नाही, उरलेला नायट्रोजन नको त्या जंतूंना मिळतो. डीएपी विसरा.

दिंडोरीचा_दादा: हे पटलं, मी 14 धरूनच बसलो होतो. मग हवा द्या. खालच्या नळाने सगळा रस स्टीलच्या चाळणीवरून उघड्या टबात पडू द्या, चांगला फेस यायला हवा. तासाभराने पंप हळू चालवून चोथ्यावर परत सोडा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. तापमान 28 वर आणा.

निफाडची_वेल: हायड्रोमीटरवर 6.5 निघाला. एकदा केलं, वास निम्म्यावर आलाय. गंधक तोडणीआधी 18 दिवस मारलं होतं.

दिंडोरीचा_दादा: मग कारण तेच गंधक, महिनाभर आधी बंद हवं होतं. पुढच्या गोडी छाटणीलाच फवारणीच्या वहीत लिहून ठेवा.

प्रयोगशाळा_ताई: हायड्रोमीटरवर ब्रिक्स 0 च्या खाली गेला की प्रेस करा आणि दोन दिवसांत जाड गाळावरून काढा. त्याच गाळात वास परत तयार होतो. नंतरही राहिला तर घासून चकचकीत केलेली तांब्याची तार ग्लासात फिरवून वास घ्या. तरीही गेला नाही तर डायसल्फाइड (गंधकाचंच दुसरं संयुग) समजा, तिथे नुसतं तांबं चालत नाही. सल्फर डायऑक्साइडची घाई नको, मॅलोलॅक्टिक (जंतू आंबटपणा मऊ करतात ते) बाकी आहे, त्याने ते जंतू थांबतात.