तळ्याच्या जाळीबंद भागात भक्ष्यमासे वाढवण्याविषयी मदत हवी आहे

तळ्यातील बास माशांना नैसर्गिक भक्ष्य मिळत राहावे, म्हणून उथळ काठाचा एक भाग जाळीने वेगळा करून त्यात फॅटहेड मिनो वाढवण्याचा माझा विचार आहे. हा मासा बुडालेल्या फळ्यांच्या खालच्या बाजूला अंडी चिकटवतो आणि नर त्यांची राखण करतो, त्यामुळे प्रजननाची फारशी चिंता नाही. खरी अडचण जाळीची आहे. बारीक छिद्रे शेवाळाने बुजतात, पाण्याची अदलाबदल मंदावते आणि पहाटे, जेव्हा विरघळलेला ऑक्सिजन तसाही सर्वांत कमी असतो, तेव्हा मासे गुदमरण्याचा धोका वाढतो. छिद्रे मोठी ठेवली तर पिल्ले निसटतात (थोडी निसटली तर हरकत नाही, हेतू तोच आहे). अनुभवी सदस्यांनी छिद्रांचा आकार किती ठेवला आणि जाळीची खालची कड गाळात कशी पक्की केली, हे कृपया सांगावे.