स्वाक्षरी आणि वॉटरमार्क यांची गल्लत नको

एआयने तयार केलेला मजकूर किंवा चित्र ओळखता यावे म्हणून त्यात लपवलेली खूण म्हणजे वॉटरमार्क. व्हॉट्सॲपवरून चित्र पुढे पाठवताना मेटाडेटा (फाइलसोबत जाणारी तिच्याविषयीची माहिती) गळून जातो, म्हणून वॉटरमार्कही कुचकामी, असा एक युक्तिवाद केला जातो. ते मला पटत नाही. सी२पीए (फाइल कुठून आली हे नोंदवणारे मानक) पद्धतीची डिजिटल स्वाक्षरी फाइलला जोडलेली असते, त्यामुळे ती सहज सुटते. मजकुराचा वॉटरमार्क मात्र शब्दांच्या निवडीतच मुरलेला असतो. संगणकशास्त्रज्ञ स्कॉट आरॉन्सन यांनी २०२२ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयमध्ये काम करताना मांडलेल्या योजनेत पुढचा शब्द निवडण्यासाठी लागणारी यादृच्छिकता (फासे टाकल्यासारखी अनिश्चितता) गुप्त किल्ली आणि आधीचे काही शब्द यांच्यापासून तयार केली जाते. वाचणाऱ्याला त्यात काही वावगे जाणवत नाही, पण ज्याच्याकडे किल्ली आहे त्याला पुरेशा लांब मजकुरात शब्दनिवडीचा किल्लीशी जुळणारा कल मोजता येतो.

खरी अडचण निवडीला वावच नसतो तेथे येते. दादरच्या आमच्या सोसायटीत परवा सचिवांनी चॅटबॉटकडून लिहून घेतलेली (आणि तसे प्रांजळपणे सांगितलेली) सूचना फलकावर लागली: ‘टाकी सफाईमुळे मंगळवारी दुपारी पाणीपुरवठा बंद राहील.’ या सात शब्दांत खूण लपवायला जागा कुठे आहे? शिवाय इंग्रजीत लिहून घेऊन मराठीत भाषांतर केले, की मूळ शब्दांचा क्रमच उरत नाही आणि त्याबरोबर खूणही जाते.

तपासणीची किल्ली सर्वांना खुली करावी, अशीही सूचना केली जाते; तिच्याबाबत एवढेच म्हणेन, की या योजनेत तपासणारी आणि खूण उमटवणारी किल्ली एकच असते. ती हाती आली तर माणसाने लिहिलेल्या मजकुरावरही कोणी खोटी खूण उमटवू शकेल.